आइस हॉकीतला अव्वल गोलकीपर ओळखायचा कसा? शॉटच्या आधी पाहा, गोलच्या नंतर पाहा

आइस हॉकी नव्याने पाहणाऱ्याला गोलकीपर दोनच वेळा दिसतो. तो आडवा झेपावून पक (खेळातली चकती) अडवतो तेव्हा, आणि गोल होऊन त्याच्या मागचा लाल दिवा लागतो तेव्हा. बाकी सगळा वेळ आपले डोळे पकच्या मागे धावत असतात. त्यामुळे नवख्या प्रेक्षकाचा आवडता कीपर हमखास तोच निघतो, जो सतत लोळताना आणि धडपडताना दिसतो. माझ्या मते हा कौल बहुतेक वेळा चुकतो. ज्याला पाहताना थोडा कंटाळा येतो, तोच कीपर अनेकदा संघाला तारून नेत असतो. तो कसा हेरायचा, आणि मास्कआड झाकलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज कशावरून बांधायचा, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

त्याआधी थोडं गणित. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, साधारण १७० ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. चांगला शॉट ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. सहा मीटरवरून मारला तर तो गोलपर्यंत पोचायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून हात हलवायला सुरुवात करायलाच माणसाला ०.२ सेकंद लागतात. याचा अर्थ उघड आहे: जवळचा शॉट ‘पाहून’ अडवता येत नाही. तो अडणार की नाही हे बरंचसं शॉट सुटण्याआधीच ठरलेलं असतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिली पायरी: एक पिरियड पक सोडून द्या

सामन्यात २० मिनिटांचे तीन पिरियड असतात. त्यातला एक फक्त एका कीपरला द्या. पक दुसऱ्या टोकाला असला तरी नजर त्याच्यावरच ठेवा. सुरुवातीला हे फार जड जातं, गोल चुकतात, शेजारी बसलेले ओरडतात आणि आपण भलतीकडेच पाहत असतो. चालेल.

टीव्हीवर अडचण अशी की कॅमेरा पकबरोबर पळतो आणि बाजूने दाखवतो. तिथे रिप्लेची वाट पाहा, त्यातही गोलच्या मागून किंवा वरून घेतलेल्या चित्रणाची. प्रत्यक्ष रिंकमध्ये जाणार असाल तर मधल्या महागड्या खुर्च्यांपेक्षा गोलच्या मागची, जरा उंचावरची जागा घ्या. तिथून कीपर आणि शॉट मारणारा एका रेषेत दिसतात आणि कोन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी: तो उभा कुठे आहे ते पाहा

गोलसमोरचा निळा भाग म्हणजे क्रीज. कीपर गोलरेषेवर चिकटून उभा राहिला तर शॉट मारणाऱ्याला दोन्ही बाजूंना भरपूर जाळी दिसते. क्रीजच्या पुढच्या कडेपर्यंत आला तर तीच जाळी झाकली जाते. फार पुढे आला तर एका पासमध्ये त्याच्या मागचा गोल उघडा पडतो. किती पुढे यायचं हा हिशेब तो दर क्षणाला करत असतो. समोर एकटाच खेळाडू आहे की शेजारी पास घेणारा मोकळा आहे, मारणारा डावखुरा आहे की उजवा, आपला बचावपटू कुणाला धरून आहे, या सगळ्यावर ते अवलंबून असतं.

तुम्ही फक्त एक प्रश्न विचारा: शॉट सुटला त्या क्षणी पक, कीपरची छाती आणि गोलचा मध्य एका रेषेत होते का? होते, तर शॉट त्याच्या अंगावर येऊन आदळतो आणि आपल्याला वाटतं, ‘मारणाऱ्याने सरळ त्याच्यावरच मारला’. चांगल्या कीपरच्या बाबतीत हे वाक्य वारंवार तोंडी येतं. योगायोग इतक्या वेळा होत नाही.

एक बारीक खूण सांगतो. पक कोपऱ्यात असताना कीपरकडे पाहा. तो मागे वळून गोल कुठे आहे हे बघत नाही. स्टिकने किंवा ग्लोव्हने खांबाला हलकेच टक्कन स्पर्श करतो आणि त्यावरून आपली जागा ताडतो. चाचपडायला लागला, किंवा मान वळवून खांब शोधू लागला, तर त्याचा नकाशा हरवलाय असं समजा. अशा वेळी पुढच्या दोन मिनिटांत काहीतरी विचित्र गोल होण्याची शक्यता वाढते.

तिसरी पायरी: शॉट सुटताना तो थांबलेला आहे का?

पास इकडून तिकडे जातो तसा कीपरही सरकतो. दर्जाचा फरक सरकण्याच्या वेगात कमी आणि सरकून थांबण्यात जास्त दिसतो. उत्तम कीपर शॉटच्या आधी पोचलेला आणि स्थिर असतो. मध्यम कीपर तेव्हा अजून वाटेत असतो; तो शॉट अडवेलही, पण आपल्या अंगाची दिशा बदलू शकणार नाही.

आता गुडघ्यांकडे या. आजचे जवळपास सगळे कीपर ‘बटरफ्लाय’ पद्धतीने खेळतात: गुडघे बर्फावर आपटून पॅड दोन्ही बाजूंना आडवे पसरायचे, म्हणजे खालचा भाग बंद होतो. ग्लेन हॉलने १९५० च्या दशकात हे रूढ करायला सुरुवात केली आणि पॅट्रिक रॉयने १९८०-९० च्या काळात ते घराघरांत पोचवलं. या पद्धतीची किंमत अशी की गुडघे टेकले की वरचे कोपरे उघडे पडतात आणि बाजूला सरकणं कठीण होतं. म्हणून खाली कधी बसायचं हाच खरा प्रश्न. मारणारा स्टिक मागे नेतो, मारल्याचा आव आणतो, आणि घाईचा कीपर तिथेच बसतो. मग समोरचा निवांतपणे पक दोन फूट पुढे ढकलून वर टाकतो. संयमी कीपर पायांवर टिकून राहतो, आणि कधी कधी असं वाटतं की मारणाराच आधी घाबरला.

नजरेचंही पाहा. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला. डेरेक पॅन्चक यांच्यासोबत त्यांनी गोलकीपरवर केलेलं संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं. निष्कर्ष थोडक्यात असा: अडवलेल्या शॉट्सच्या वेळी कीपरची नजर पक आणि स्टिकवर आधीच स्थिरावलेली असते. नजर प्रत्यक्ष दिसत नाही, पण मास्कची दिशा दिसते. समोर गर्दी झाली की चांगला कीपर मान कधी डावीकडून, कधी उजवीकडून बाहेर काढून फट शोधतो. जो खेळाडूंच्या पाठीमागे नुसता ताठ बसतो, तो अंदाजपंचे खेळतोय.

चौथी पायरी: अडवल्यानंतर पक कुठे गेला?

अनेक जण शॉट अडला की सुटकेचा श्वास टाकतात. तिथे नजर ढळू देऊ नका. पक अंगावर दाबून ठेवला? ग्लोव्हमध्ये घट्ट धरला? पॅडवरून कोपऱ्याकडे वळवला? की थेट समोर, विरोधकाच्या स्टिकवर सोडला?

याचं सर्वांत महागडं उदाहरण २२ फेब्रुवारी १९८० चं. लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध अमेरिका. सोव्हिएत गोलमध्ये व्लादिस्लाव्ह त्रेत्याक, त्या काळी जगातला सर्वोत्तम समजला जाणारा कीपर. पहिल्या पिरियडचे शेवटचे काही सेकंद उरलेले, अमेरिकेच्या डेव्ह क्रिश्चनने लांबूनच एक शॉट हाणला. त्यात काहीच धोका नव्हता. त्रेत्याकने तो सहज अडवला, पण पक पुढे उसळला, म्हणजे रिबाउंड झाला. सोव्हिएत बचावपटू पिरियड संपल्याच्या थाटात सैल झाले होते. त्यांच्यामधून मार्क जॉन्सन घुसला आणि एक सेकंद शिल्लक असताना त्याने बरोबरी केली, २-२. प्रशिक्षक तिखोनोव्हने त्रेत्याकला तिथेच बदललं. तो सामना सोव्हिएत संघ ४-३ ने हरला. त्रेत्याकला काढण्याच्या निर्णयावर आजही वाद होतात. मला विचाराल तर एका रिबाउंडवरून असा कीपर कुणी काढू नये. पण रिबाउंड काय करू शकतो हे सांगायला यापेक्षा चांगलं चित्रण नाही.

पाचवी पायरी: अपवाद आधीच माहीत असू द्या

वरच्या सगळ्या खुणा वापरून कुणी डोमिनिक हाशेकला जोखलं असतं, तर पहिल्या दहा मिनिटांत नापास केलं असतं. हा चेक कीपर बर्फावर लोळायचा, स्टिक टाकून द्यायचा, पाठीवर पडून पाय हवेत भिरकावायचा. तरीही अडवण्याच्या टक्केवारीत, कारकिर्दीच्या हिशेबाने, एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या) इतिहासात तो शिखरावर आहे: ०.९२२. लीगमधल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी त्याने १९९७ आणि १९९८ अशी सलग दोनदा जिंकली. दोनदा जिंकणारा तो एकमेव गोलकीपर.

म्हणजे नियम खोटे का? नाही. हाशेकचा रिप्ले हळू करून पाहा. लोळत असतानाही त्याची नजर पकवरून हटत नाही आणि पक पुढे कुठे जाणार हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळलेलं असतं. विस्कटलेलं दिसत होतं ते फक्त अंग. त्याची नक्कल करणारे मात्र बहुतेक नुसतेच लोळतात, तेव्हा ‘हा दुसरा हाशेक’ असं कुणी म्हणालं की जरा सावध व्हा.

सहावी पायरी: गोल बसल्यानंतरचा एक मिनिट

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. मानसिक खेळ बाहेरून दिसतो तो इथेच.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट गोलकीपर जॅक प्लांटच्या तोंडावर बसला. टाके घालून प्लांट परत आला तो मास्क घालूनच, आणि हळूहळू सगळ्यांनीच मास्क घेतला. तेव्हापासून कीपरचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. वाचायचं ते शरीर, सवयी आणि पुढच्या शॉटची तयारी.

गोल बसला की आधी पाहा, तो कुणाकडे बघतो. काही जण लगेच आपल्या बचावपटूकडे हात पसरून ‘तू कुठे होतास?’ असं विचारतात. एखाद्या वेळी ठीक आहे. प्रत्येक गोलनंतर असेल तर तो कीपर अजून मागच्याच क्षणात अडकलाय. काही जण स्टिक खांबावर आपटतात. यावरून घाईने निष्कर्ष काढू नका, कारण राग काढून मोकळे होणारे चांगले कीपरही असतात. राग किती वेळ टिकतो ते बघा.

मग त्याची ठरलेली कृती सुरू होते. वॉशिंग्टनचा ब्रेडन होल्टबी याचं उदाहरण मला फार आवडतं. तो बाटलीतून पाण्याची चिळकांडी हवेत उडवायचा आणि त्यातला एकच थेंब निवडून तो खाली येईपर्यंत नजरेने त्याचा पाठलाग करायचा. लोकांना ती विक्षिप्त सवय वाटे. प्रत्यक्षात दोन गोष्टी एकदम साधत: डोकं मागच्या गोलवरून सुटायचं आणि डोळे पुन्हा छोट्या, वेगवान वस्तूवर खिळायचे. २०१८ साली स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकताना तो हेच करत होता. पॅट्रिक रॉय आपल्या गोलच्या खांबांशी बोलायचा आणि बर्फावरच्या रेषांवर पाय पडू द्यायचा नाही. कृती कोणतीही असो. तुम्ही पाहायचं एवढंच, की ती आघाडीवर असताना आणि पिछाडीवर असताना त्याच वेगाने होते का. घाईघाईत उरकलेली किंवा अर्ध्यात सोडलेली कृती म्हणजे आत खळबळ आहे.

खरी परीक्षा पुढच्या शॉटला होते. हादरलेला कीपर साधारण दोन वाटांनी जातो. एक तर तो नकळत मागे सरकतो: मघाशी क्रीजच्या कडेला होता, आता टाचा गोलरेषेवर. जास्त वेळ मिळेल या आशेने तो जाळीला चिकटतो आणि कोपरे उघडे टाकतो. किंवा उलट, हिशेब चुकता करायच्या ईर्ष्येने खूप पुढे येतो, सरकताना गरजेपेक्षा जास्त जातो, खांबाच्या पलीकडे घसरतो. दोन्ही प्रकारांत गुडघे लवकर टेकले जातात. म्हणून माझी पद्धत अशी: पहिल्या दहा मिनिटांत त्याचे पाय क्रीजमध्ये कुठे असतात ते मनात नोंदवून ठेवायचं, आणि गोल खाल्ल्यानंतर पुन्हा तपासायचं. एका स्केटच्या लांबीचा फरक पडला तरी पुरेसं आहे. जो त्याच जागी परत उभा राहतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

शांत दिसतो म्हणजे त्याला काहीच वाटत नाही, असाही अर्थ नको काढायला. ग्लेन हॉल सामन्याआधी ओकायचा, हे त्याच्या काळातल्या सगळ्यांना माहीत होतं. तोच हॉल १९५५ ते १९६२ दरम्यान सलग ५०२ सामने संपूर्ण खेळला, तेही मास्कशिवाय. एनएचएलमधला हा विक्रम आता कुणी मोडेल असं वाटत नाही, कारण आज संघ दोन कीपर आलटून पालटून वापरतात.

आणि मोठ्यातला मोठाही कोसळतो. २ डिसेंबर १९९५ रोजी मॉन्ट्रियलमध्ये डेट्रॉइटने घरच्या संघावर ११-१ असा विजय मिळवला. मॉन्ट्रियलच्या रॉयने ९ गोल खाईपर्यंत प्रशिक्षक त्याला बदलेना. मध्येच एक साधा शॉट अडवल्यावर प्रेक्षकांनी टिंगलीने टाळ्या वाजवल्या, रॉयने उपहासाने दोन्ही हात वर केले, आणि त्या रात्रीनंतर तो मॉन्ट्रियलसाठी पुन्हा खेळला नाही. ६ डिसेंबरला त्याला कोलोरॅडोकडे धाडण्यात आलं. त्याच हंगामात, १९९६ च्या जूनमध्ये, त्याने कोलोरॅडोबरोबर स्टॅन्ली कप जिंकला. एका वाईट रात्रीवरून कीपर मोडीत काढू नका, हे मी इथे नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही वाचून पुढे गेला असता.

सातवी पायरी: काम नसताना तो काय करतो

चाळीस शॉट झेललेल्या कीपरचं कौतुक होतं. मला मात्र पंधरा शॉटचा सामना जास्त अवघड वाटतो. दहा-बारा मिनिटं पक दुसऱ्या टोकालाच, अंग थंड पडत चाललेलं, आणि अचानक एकटा खेळाडू समोरून सुसाट येतो. क्रिकेटमध्ये दिवसभर स्लिपमध्ये उभं राहून संध्याकाळी एकच झेल येतो, तसला प्रकार.

अशा वेळी चांगला कीपर लांबच्या पकबरोबरही हलत असतो. पक त्या टोकाला असताना तो सरळ उभा, निवांत. मॉन्ट्रियलचा केन ड्रायडन तर स्टिकवर हात टेकून असा उभा राहायचा की तीच त्याची ओळख झाली. पक मधली रेषा ओलांडतो, तसा तो खाली वाकू लागतो. त्याच्या बाजूची निळी रेषा ओलांडेपर्यंत पूर्ण तयार. शिट्टी वाजली की कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून येतो. साठही मिनिटं ताणलेला कीपर शेवटच्या दहा मिनिटांत थकतो; सैल पडणं आणि वेळेवर आवळणं हेच कौशल्य आहे.

तोंडाकडेही लक्ष द्या, म्हणजे आवाजाकडे. रिंकमध्ये पुढे बसलात तर ऐकू येतं: मागून माणूस येतोय, वेळ आहे, सोड. काही कीपर स्वतः गोलमागे जाऊन पक थांबवतात आणि बचावपटूच्या स्टिकवर ठेवतात. मार्टिन ब्रोडूर यात उस्ताद होता. ६९१ विजय आणि एकही गोल न खाल्लेले १२५ सामने, हे दोन्ही एनएचएल विक्रम त्याचे आहेत. २००५ मध्ये लीगने गोलरेषेच्या मागे कीपरला फक्त ठरावीक पट्ट्यातच पक हाताळायची मुभा ठेवली, तेव्हा लोक त्याला ब्रोडूरचा नियम म्हणू लागले.

आठवी पायरी: आकडे, पण शेवटी

अडवण्याची टक्केवारी म्हणजे आलेल्या शॉट्सपैकी किती अडवले. ०.९०० आणि ०.९१५ हा फरक क्षुल्लक दिसतो. सामन्याला ३० शॉट धरा: पहिल्याला सरासरी ३ गोल बसतात, दुसऱ्याला अडीचच्या जरा वर. ६० सामन्यांत २७ गोलांचा फरक. मात्र दहा सामन्यांच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नका. तेवढ्यात नशीबच जास्त बोलतं. सामन्यामागे किती गोल खाल्ले हा आकडा तर संघाच्या बचावावर फार अवलंबून असतो. अलीकडे शॉट कुठून आणि कसा आला यावरून अपेक्षित गोल काढतात आणि प्रत्यक्ष गोल त्याहून किती कमी, ते मोजतात. तुलनाच करायची असेल तर हा आकडा बरा.

सरावासाठी दोन सामने

पहिला, नागानो ऑलिंपिक १९९८ ची उपांत्य फेरी, चेक प्रजासत्ताक विरुद्ध कॅनडा. सामना १-१ बरोबरीत, मग पेनल्टी शॉट. कॅनडाचे पाचही खेळाडू हाशेकने अडवले. प्रत्येक वेळी मारणारा निघाला की हाशेक किती पुढे येतो, किती वेगाने मागे जातो आणि आधी कोण हलतं एवढंच बघा. चेक संघाने पुढे अंतिम सामन्यात रशियाला १-० ने हरवलं.

दुसरा, २२ फेब्रुवारी २०२०, टोरंटोतला. कॅरोलिनाचे दोन्ही कीपर जखमी झाले आणि नियमाप्रमाणे राखीव म्हणून रिंकवर हजर असलेला ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स मैदानात उतरला. तो व्यावसायिक खेळाडू नव्हता. त्याच्यावर आलेले पहिले दोन्ही शॉट गोल झाले. नंतरचे आठही त्याने अडवले आणि कॅरोलिनाने सामना ६-३ ने जिंकला. हा सामना सुरुवातीपासून पाहायची गरज नाही. दुसरा गोल बसतो तिथून सुरू करा, आणि तिसऱ्या शॉटपर्यंत त्याचे पाय क्रीजमध्ये कुठे आहेत, आणि पिरियड संपून तो परत येतो तेव्हा कुठे आहेत, ते तपासा.